चोथ्याचा सुयोग्य विनियोग

जी वस्तू नुसती धुऊन खाता येते ती आधी यंत्रात घालावी, हा मानवी प्रगतीचा पाया आहे. गाजर दातांनी खाणारा मागास आणि तेच गाजर पेल्यातून पिणारा आरोग्याबाबत जागरूक, याबद्दल आता आंबेगाव तालुक्यातही दुमत उरलेलं नाही.

घोडेगावचे सावळेराम विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले, तेव्हा पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं त्यांना ज्यूसर पाठवला. (कार्यालयानं शाल आणि नारळ दिला होता. नारळ ज्यूसरमध्ये जात नाही, याची खात्री करून झाली.) रोज सकाळी गाजर, बीट, दुधी यांचा रस निघू लागला. रस सावळेराम पीत, मागे उरलेला चोथा त्यांच्या पत्नी इंद्रायणीबाई म्हशीला घालत. ही व्यवस्था सर्व संबंधितांना मान्य होती.

मग सावळेरामांनी मोबाइलवर एका बाईंचा व्हिडिओ पाहिला. त्यातून असं निष्पन्न झालं की रसात पाणी आणि गोडीच येते, खरा पोषक तंतू चोथ्यात राहतो. सावळेराम गंभीर झाले. नोकरीभर त्यांनी योजनांचे लाभार्थी तपासले होते, आणि स्वतःच्या गोठ्यात एक अपात्र लाभार्थी शेपूट हलवत लाभ उचलत होता.

"उद्यापासून म्हशीला चोथा बंद," ते म्हणाले.

"मग कुणाला घालू?" इंद्रायणीबाईंनी विचारलं.

"आपण खायचा."

सकाळी ते स्वतः स्वयंपाकघरात शिरले. लग्नानंतरची ही त्यांची तिथली पहिलीच क्षेत्रभेट. ज्वारीच्या पिठात चोथा, तिखट, मीठ घालून त्यांनी थालीपीठ थापलं. ते तव्यावरून तुकड्यातुकड्यांनी निघालं. सगळ्यात मोठा तुकडा इंद्रायणीबाईंच्या ताटात पडला. त्यांनी बराच वेळ चावला. (चोथ्याचा हा गुण वादातीत आहे. तो चावावा लागतो आणि चावून संपत नाही.) नवरा समोर उलथनं धरून उभा होता.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

कचेरीत तोंडी मंजुरीला किंमत नसते, घरात असते. योजना सर्व जेवणांना लागू झाली. चोथ्याची भजी झाली (तेल पिण्यात त्यांनी हयगय केली नाही). चोथ्याचा पराठा झाला (सारण आत राहायला तयार नव्हतं). दुधीच्या चोथ्याची वडी झाली, तिनं पुढे गोठ्याचं दार वाऱ्यात अडवून धरण्याचं काम चोख बजावलं. शेवटी कुकरमध्ये भाजलेला केक आला. त्याचा रंग जुन्या फायलीच्या पुठ्ठ्यासारखा होता. चवीबाबत मतभेद नव्हते, कारण मत कुणी दिलंच नाही.

केकला चोथा फार लागतो. तेवढा चोथा काढायचा तर बादलीभर रस निघे, आणि एवढा रस कोण पिणार? म्हणून तो टाकाऊ रस म्हशीला जाऊ लागला. म्हैस तुकतुकीत झाली. सावळेराम वाळले. (दूध जरा गुलाबी येतं, असं डेअरीवाल्यानं सांगितलं, पण तक्रार लेखी नसल्यानं दखल घेतली गेली नाही.)

इतपत सगळं घरातल्या घरात होतं. पण त्यांची मुलगी प्राची हिचं जुन्नरच्या सुदर्शनशी जमलं होतं. दोघं चाकणला एकाच कंपनीत होते. आता सुदर्शनचे आईवडील, साळुबाई आणि रखमाजी, घर पाहायला येणार होते. साळुबाईंनी आधीचं एक स्थळ पोह्यांतल्या खड्यावरून मोडलं होतं, अशी खात्रीलायक माहिती होती.

"पप्पा, त्या दिवशी केक नको," प्राची म्हणाली.

"का? चांगला नसतो?"

प्राचीनं आईकडे पाहिलं. आईनं कोथिंबिरीकडे पाहिलं.

"चांगला असतो. पण त्यांना सवय नाही."

"तत्त्वतः मान्य," सावळेराम म्हणाले. तत्त्वतः मान्य म्हणजे काय, हे विस्तार अधिकाऱ्याच्या मुलीला तरी कळायला हवं होतं.

पाहुणे आले, सुदर्शनही बरोबर होता. पोहे झाले. साळुबाईंनी पोहे पुन्हा मागून घेतले, तेव्हा प्राचीचा जीव भांड्यात पडला. आणि सावळेराम हातात ताट घेऊन बाहेर आले.

"पावणं, हे आमच्या हातचं. चोथ्याचं."

रखमाजींनी तुकडा तोंडात घातला आणि त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्थिरावली. साळुबाई चावू लागल्या. बाहेर भीमाशंकरची एसटी थांबली, माणसं उतरली, माणसं चढली, एसटी गेली. साळुबाई चावतच होत्या. प्राची ओढणीचं टोक पिळत उभी होती. सुदर्शननं तिचा चेहरा पाहिला आणि एकामागून एक चार तुकडे खाल्ले. त्यापेक्षा शिवनेरी चढणं सोपं, पण तो पर्याय त्याला कुणी दिला नव्हता.

साळुबाईंनी विचार केला. ही या घरची रीत दिसते. नावं ठेवली तर चांगली पोरगी हातची जाईल, आणि आपला पोरगा तर आवडीनं खाऊन बसलाय.

"लई छान झालंय," त्या म्हणाल्या. "कसं करत्यात, मला बी सांगा."

लग्न ठरलं. सावळेरामांच्या मते केकमुळे ठरलं. म्हणून त्यांनी जाहीर केलं की लग्नात जिलेबी नाही, चोथ्याची बर्फी. प्राची गोठ्यामागे जाऊन रडली. इंद्रायणीबाई तिला पाहून आल्या आणि नवऱ्यासमोर बसल्या.

"जिलेबीच ठेवा."

"का? तुला बर्फी आवडते ना?"

"न्हाई आवडत. पैल्या थालीपिठापास्नं काय बी आवडलेलं न्हाई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी रिटायर झाल्यापास्नं नुसतं दाराकडं तोंड करून बसायचा. कोण सही घ्यायला येतंय का, बघत. त्या दिवशी उलथनं घिऊन हुबं राह्यला, तोंडावर जरा तेज व्हतं. मग काय बोलू?"

सावळेरामांनी हळूच विचारलं, "केकसुद्धा?"

"केक म्हशीनं बी हुंगून सोडला."

त्यांना राग आला नाही. लाज वाटली, आणि लाजेखाली थोडं बरंही वाटलं. आपल्यासाठी कुणी इतके दिवस चावत होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. योजना कोणतंही कारण न देता बंद झाली. लग्नात जिलेबी झाली आणि पंगतीत पुन्हापुन्हा फिरली.

लग्नानंतर दोघं पहिल्यांदा लेकीकडे जुन्नरला जेवायला गेले. जेवण झालं, आणि साळुबाई आतून ताट घेऊन आल्या. खास ज्यूसर आणवला होता.

"पावणं, तुमच्यासाठी मुद्दाम शिकले. सुदर्शनला बी लई आवडतो, म्हणून दर रविवारी करते."

सुदर्शन खिडकीबाहेर पाहत होता. सासूच्या मागे उभी असलेली प्राची वडिलांकडे पाहत होती. तिला त्या घरात राहायचं होतं. साळुबाई ताट धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर तेज होतं.

सावळेरामांनी तुकडा खाल्ला. मग दुसरा मागून घेतला.

जुन्नरला अजूनही दर रविवारी केक होतो. वाचकांनी यावर खुशाल हसावं, मात्र त्याआधी आपल्या घरातला असा एखादा पदार्थ आठवावा, जो आपण कौतुक करत कसाबसा गिळतो. आठवला ना? आता तो आठवा, जो तुम्ही स्वतः हौसेनं करता आणि घरचे निमूट संपवतात.