केतकर काकांचं पातं ठरत नाही

करवतीचं पातं बघायला जायचं असलं की केतकर काका इस्त्रीचा शर्ट घालतात. केस विंचरतात, खिशात भिंग टाकतात आणि मुलगी बघायला निघाल्यासारख्या गंभीर चेहऱ्यानं फाटकाबाहेर पडतात. दुपारी रिकाम्या हातानं परत. काय झालं विचारलं की उत्तर ठरलेलं. "पातं चांगलंच आहे हो. पण आपल्या लाकडाचं नाही." काकांनी लग्न केलेलं नाही. त्या बघण्याच्या कार्यक्रमांतही असंच काहीसं झालं असणार, अशी मला दाट शंका आहे.

ठाकुर्लीच्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. मानपाड्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर हॉलमधला सोफा काढून तिथं बँडसॉ बसवला, म्हणजे दोन चाकांवरून पट्ट्यासारखी फिरणारी करवत. पाहुण्यांनी बसायचं कुठं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांच्याकडे येणारा पाहुणा एकच, हरेश्वर तांडेल.

हरेश्वर बाळकुमचा कोळी, त्याच टूलरूममध्ये काकांच्या शेजारच्या मशीनवर असायचा. वडिलांची होडी मोडीत निघाली तेव्हा त्यानं तिची एक जाडजूड फळी काकांकडे आणून टाकली. "याचे दोन पाट कर. एक तुला, एक मला." फळी जाडीतून मधोमध उभी चिरली की उघडलेल्या पुस्तकासारख्या दोन्ही पाटांवर त्याच रेषा समोरासमोर येणार होत्या. पण खाडीचं मीठ आणि रेती प्यायलेलं ते सागवान. साध्या पात्याचे दात फूटभरात बोथट होतात, म्हणून दातांना कार्बाइडची टोकं असलेलं पातं हवं. इथवर मलाही पटत होतं.

पुढचं मात्र काका जाणोत. जाड पातं फार लाकूड खातं. रुंद पात्याला लागणारा ताण घरगुती मशीनला झेपत नाही. बारीक पातं मध्येच वाट सोडतं. इंचाला दोन दात असावेत की तीन, यावर सहा महिने गेले. असं करता करता चार वर्षं झाली.

दर रविवारी हरेश्वर यायचा. दारातूनच विचारायचा, "पातं मिललं का रं?"

"अजून नाही."

मग दोघं समाधानानं फळी काढून तिच्यातले खिळे शोधत बसायचे, कारण खिळ्यावर आपटलं तर कार्बाइडचा दात तुटतो. लोखंडी खिळ्याला लोहचुंबक, तांब्याच्या खिळ्यासाठी हातोडीनं ठोकून आवाज ऐकणं. चार वर्षांत सापडले तीन खिळे.

मला रखडलेली कामं बघवत नाहीत, हा माझा जुना रोग. काकांच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी त्यांच्या वहीतून गुपचूप मापं उतरवली, एका दुकानदाराचं डोकं खाल्लं आणि नेमकं तसंच पातं मागवून त्यांच्या हातात दिलं. काकांनी पंधरा मिनिटं भिंगातून एकेक दात पाहिला. "आपल्याच लाकडाचं आहे," ते हळूच म्हणाले. मला वाटलं, गहिवरले.

त्या रविवारी फळी चिरली गेली. दहा मिनिटं लागली. रेषा जुळल्या, हरेश्वरनं त्यावरून हात फिरवला आणि "बापाची होरी" एवढंच म्हणाला. दोन आठवड्यांत पाट तयार झाले. आपला पाट टॉवेलात गुंडाळून तो गेला.

पुढच्या रविवारी मी खाली डोकावले तर ओट्यावर दोन कप मांडलेले आणि काका एकटेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. "अहो, फोन करा की त्यांना," मी म्हटलं.

"काय काम सांगू?" काकांनी विचारलं.

ते अगदी खरं विचारत होते. जन्मभर शेजारी उभं राहून काम केलेल्या या दोन माणसांना काम नसताना एकमेकांकडे जायचं कसं, हे येतच नव्हतं. ते एक काम त्यांनी चार वर्षं जपून पुरवलं होतं आणि मी ते उरकून टाकलं. मला माझी लाज वाटली.

चौथ्या रविवारी मी काकांना डबा द्यायला गेले होते. दारात हरेश्वर उभा, बगलेत पाट. "यो पाट हालतो रं," तो काकांकडे न बघता म्हणाला.

पाट जमिनीवर ठेवला. मी वाकून चारही कोपरे दाबले. जागचा हलेना. तसं सांगायला मी तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसले.

काका गुडघ्यांवर बसले. त्यांनी पाटाखाली कागद सरकवून पाहिला, तो कुठूनच जाईना. पुन्हा पाहिला. मग चष्मा काढून पुसला.

"हलतोय खरा," ते म्हणाले. "माझाही हलतोय."

"मंग दोनी बघाया लागतील," हरेश्वर म्हणाला, आणि त्यानं चपला काढल्या.