केनियाची दुसरी परवानगी

आमच्या सोसायटीतल्या माणसाला केनियाला जायचं असेल तर दोन परवानग्या लागतात. एक केनिया सरकारची आणि दुसरी बी विंगमधल्या प्रभाताई वैरागडे यांची. पहिली घरबसल्या संगणकावर मिळते. दुसरीसाठी मी चार हेलपाटे घातले, एकदा नापास झालो आणि माझ्याच गाडीत, माझ्याच पार्किंगमध्ये, तीन तास तोंड मिटून बसलो. हे सांगताना आजही माझं डोकं तापतं.

कारण स्वतः या बाई पुण्यात आल्यापासून लोणावळ्याच्या पलीकडे गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मूळच्या चंद्रपूरकडच्या. बसखात्यात वेळापत्रकं आखण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पुण्यात येऊन चाळीस वर्षं झाली, आणि मूळ पुणेकरालाही घाम फुटावा असं बोलायला त्या इथे शिकल्या. लग्न केलं नाही. घरात त्या आणि त्यांचे थोरले भाऊ. भाऊ आजारी असतात, खाली उतरत नाहीत, यापलीकडे आम्हाला काही ठाऊक नव्हतं. विचारायची कुणाची छाती नव्हती.

युरोपबद्दल विचारायला गेलात तर बाई "मला माहीत नाही" म्हणून दार लावून घेतात. केनिया म्हटलं की मात्र चपला बाहेर काढायला सांगतात आणि कपाटातून एक जाडजूड फाईल काढतात. त्या फाईलच्या जोरावर सोसायटीतली चार कुटुंबं जाऊन आली. चारही कुटुंबं आता त्यांच्याशी बोलत नाहीत.

मी निवृत्त झालो तेव्हा नलिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, लग्नानंतरचा पहिला हट्ट केला. तिला मोकळा हत्ती बघायचा होता. साखळी नसलेला, माहूत नसलेला. मी तातडीने एका प्रवासी कंपनीचं माहितीपत्रक आणलं. आठ दिवस, पाच जंगलं, दोन सरोवरं, शिवाय एका संध्याकाळी स्थानिक नृत्य. मोठ्या ऐटीत ते प्रभाताईंसमोर ठेवलं.

त्यांनी पट्टी आणि पेन्सिल घेतली, कागदावर तासांचे रकाने आखले आणि माझ्या सहलीचं बसच्या फेऱ्यांसारखं वेळापत्रक मांडलं. निम्म्याहून जास्त रकाने रस्त्याने भरले. उरलेल्यांत जेवण आणि हॉटेलात सामान लावणं.

"अहो फडतरे, ह्यात जंगल कुठे आहे?"

"हे काय, पाच आहेत की."

"ही पाच फाटकं आहेत. आत शिरलात की बाहेर पडायची वेळ. येरवड्याहून विश्रांतवाडीला आल्यासारखं एका जंगलातून दुसऱ्यात जायचं असं वाटलं का तुम्हाला? देश आहे तो. तुळशीबाग नाही."

आणि त्यांनी चार जंगलांवर काट मारली. न विचारता! सरोवरंही गेली. नृत्यावर तर दोनदा काट मारली.

"मसाई मारा तेवढं ठेवा. चार दिवस, एकाच जागी. ऑगस्टमध्ये जाऊ नका, नदीकाठी प्राण्यांपेक्षा जीपा जास्त असतात. फेब्रुवारीत जा. गवत आखूड असतं."

"चार दिवस तेच तेच बघायचं?" मी चिडून विचारलं.

"नलिनीला पस्तीस वर्षं बघताय ना?"

नलिनी हसली. हसायचं काही कारण नव्हतं.

त्यानंतर आमच्यावर सूचनांचा जो मारा सुरू झाला तो मी शाळेतही सोसला नव्हता. पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टातच, "घरी फ्रिजवर नाही." जंगलापर्यंत नेणारं आतलं विमान लहान, म्हणून कडक सुटकेस चालणार नाही, मऊ पिशवी हवी, माणशी पंधरा किलो. तिचं वजन त्यांनी रद्दीवाल्याला वर बोलावून त्याच्या ताणकाट्यावर केलं. तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी, म्हणून नलिनीने बांधलेला सगळा चिवडा डब्यात उपसला आणि निम्मा परत दिला. "तिथे जेवायला घालतात. तुम्ही दुष्काळी कामावर चाललेला नाहीत." मी म्हटलं, आफ्रिकेत स्वेटर कशाला? तर म्हणाल्या, "नका नेऊ. तुमच्या दातांचा आवाज ऐकून प्राणी जवळ येतील." दुर्बिणी दोन हव्यात. एकीत भागेल असं मी म्हणालो, तेव्हा उत्तर आलं, "संसार एकत्र करा, दुर्बीण वेगळी घ्या."

पण खरा कहर म्हणजे ती तालीम. जीपमध्ये गप्प बसता येतं का, याची परीक्षा. सकाळी सहाला आम्ही दोघं पार्किंगमध्ये आमच्या बंद गाडीत. मोबाईल वरती घरात ठेवलेले. बोलायचं नाही, खायचं नाही, दिसेल ते लक्षात ठेवायचं. दूधवाला गेला, पेपरवाला गेला, शाळेची बस आली, आणि प्रत्येकजण आमच्याकडे वाकून बघत होता. वॉचमनने काच ठोठावून विचारलं, "साहेब, किल्ली हरवली का? की वहिनींशी काही झालंय?" मी उत्तर दिलं. म्हणून मी नापास!

नऊ वाजता प्रभाताई पॅड घेऊन आल्या. नलिनीने सतरा गोष्टी सांगितल्या. एक मांजरी तीनदा त्याच स्कूटरखाली जाऊन आली, कारण तिथे तिची पिल्लं आहेत, हेसुद्धा. मी वॉचमन सांगितला. कारखान्यात तीस वर्षं मी माल तपासून नापास करायचं काम केलं. सुताएवढी चूक माझ्या नजरेतून सुटली नाही. आणि ही बाई मला म्हणते, "फडतरे, तुम्ही बघता, पण मोजमापाचंच." दुसऱ्या दिवशी मी एकटा पुन्हा बसलो. का बसलो, देव जाणे.

शेवटची अट लेखी होती. परत आल्यावर आठ दिवसांत तोंडी अहवाल द्यायचा. याच अटीपायी त्या चार कुटुंबांशी अबोला झाला होता. तिसऱ्या मजल्यावरचे सावंत ढीगभर फोटो घेऊन गेले, तर म्हणाल्या, "फोटो राहू द्या. सांगा."

"सिंह बघितला."

"काय करत होता?"

"बसला होता."

"कसा?"

"म्हणजे... मस्त."

त्यावर बाई उभ्याच राहिल्या. "एवढा समुद्र ओलांडून 'मस्त' घेऊन आलात?" सावंतांनी ही हकिगत मला लिफ्टमध्ये सांगितली तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. ज्या माणसाने पदरमोड करून सहल केली, त्याने हिला का म्हणून हिशेब द्यायचा? मला सावंतांचं शंभर टक्के पटलं.

आम्ही फेब्रुवारीत गेलो. पहाटे जीपमध्ये माझे दात वाजले, त्याबद्दल मी कुणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी हत्तींचा कळप दिसला आणि वाटाड्याने इंजिन बंद केलं. इतर जीपा आल्या, फोटो काढून गेल्या. तेवढ्यात वायरलेसवर कळलं की पलीकडे सिंह आहे. मी म्हटलं, चला. नलिनी म्हणाली, "थांबू या." मी रागाने घड्याळ बघत बसलो. नलिनी दोन तास हललीसुद्धा नाही. सिंह आम्हाला तिसऱ्या दिवशी दिसला, चांगला वीस मिनिटं.

परतल्यावर पाचव्या दिवशी चार वाजता आम्ही अहवालाला हजर झालो. प्रभाताईंनी आम्हाला आतल्या खोलीच्या दाराजवळच्या खुर्च्यांवर बसवलं. दाराला पडदा होता.

"मोठ्याने बोला," त्या म्हणाल्या. "विमान गेलं की थांबा आणि तेवढं पुन्हा सांगा."

इथे लोहगावची विमानं डोक्यावरूनच जातात, त्यामुळे आम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होतो. बाईंना कमी ऐकू यायला लागलं असावं, असा मी अंदाज केला आणि माझा राग थोडा निवळला. पिवळं कार्ड, विमान, तंबू हे सगळं मी भराभर उरकलं. हत्तींपाशी आल्यावर नलिनी बोलायला लागली. सगळ्यात पुढे एक म्हातारी हत्तीण होती. तिचा डावा कान खालून फाटलेला. ती आमच्यापासून अंगणाएवढ्या अंतरावर आली, थांबली, एक पाय अधांतरी ठेवला आणि सोंड वर केली. पिल्लू तिच्या पोटाखाली शिरलं.

"मस्तच होतं," मी म्हणालो. प्रभाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीत आक्रसलो.

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. "वारा कुठून होता जी?"

पडदा सरला. एक उंच, वाळलेले गृहस्थ दाराची चौकट धरून उभे होते. डोळे उघडे, पण कुठेच न लागलेले. प्रभाताई पटकन उठल्या, त्या गृहस्थांचा हात धरून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, बस." या बाईंचा हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मी नलिनीकडे बघितलं. नलिनी डोळे मिटून आठवू लागली. "माझ्या ओढणीचं टोक पुढे फडफडत होतं. हत्तिणीकडे. म्हणजे वारा आमच्या पाठीमागून."

"मग तिला तुमचा वास लागला," दादा म्हणाले. "म्हणून पाय उचललेला राहिला. ठरवत होती बिचारी. पाय कोणता? पुढचा?"

"पुढचा. उजवा."

"चालताना आवाज?"

"नाही हो. एवढं मोठं जनावर, पण आवाजच नाही. फक्त गवत तुटल्याचा. सोंडेने उपटायचं, गुडघ्यावर आपटून माती झाडायची आणि मग खायचं."

दादा हसले. त्यांनी आपला उजवा हात सावकाश उचलला, मूठ वळली आणि गुडघ्यावर दोनदा हलकेच आपटली. "अशी?"

"अशीच," नलिनी म्हणाली.

वरून विमान गेलं तरी कुणी काही पुन्हा सांगितलं नाही. मग दादा म्हणाले, "आज एवढंच राहू द्या जी. सिंहाचं उद्या. आज हत्तीणच असू दे."

प्रभाताई आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. हे कधी होत नाही. हातात ती फाईल होती, आणि मी मागितली नसताना त्यांनी उघडून दाखवली. सुरुवातीची पानं दादांच्या बारीक, नेटक्या अक्षरात. मग अक्षर मोठं होत गेलेलं. मग एका पानावर चारच शब्द. त्यापुढे प्रभाताईंचं अक्षर.

"दादा जंगलखात्यात गार्ड होता, चंद्रपूरकडे. जन्मभर वाघांच्या मागे पायी फिरला. म्हणायचा, एकदा तिकडचं मोकळं रान बघायचं, जिथे झाडं आड येत नाहीत. पासपोर्ट काढले आम्ही दोघांनी. मी म्हटलं, माझी निवृत्ती होऊ दे, मग निवांत जाऊ. दोन वर्षं थांबवलं मी त्याला. काचबिंदू थांबला नाही." त्यांनी फाईल मिटली. "आता म्हणतो, मी जाऊन काय करू, कुणाला तरी पाठव. मी पाठवते. आणि हे लोक 'मस्त' म्हणून हात झाडतात. चिडते मी, फार चिडते. खरं म्हणजे कुणावर चिडायचं ते मला ठाऊक आहे."

लिफ्ट आली, आम्ही आत शिरलो, आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "उद्या चारला. सिंह कोण सांगणार?"

"मी," मी म्हणालो. कसा म्हणालो कोण जाणे.

घरी येऊन मी खुर्चीत बसलो आणि डोळे मिटले. सिंह मी पाहिला होता. वीस मिनिटं, स्वतःच्या वेगळ्या दुर्बिणीतून पाहिला होता. पण तो कोणत्या अंगावर टेकला होता, शेपूट हलत होती की नाही, काही केल्या मला आठवेना. इतके दिवस त्या बाईंवर काढलेला सगळा राग फिरून माझ्यावरच आला. उद्या चार वाजता एक माणूस तो सिंह बघायला बसणार होता.