पंधरा एप्रिल चोरीला जातो

काकू गेल्याचं इमारतीला कळलं ते फळ्यावरून.

काका दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आले तेव्हा दुपार झाली होती. लिफ्टची वाट बघताना नजर सवयीनं भिंतीवरच्या फळ्याकडे गेली. वर ठळक अक्षरांत 'आजच्या दिवशी', पुढे तारीख, १५ एप्रिल. खाली ओळीनं : १४५२ – लिओनार्दो दा विंचीचा जन्म. १८६५ – अब्राहम लिंकन यांचे निधन. १९१२ – टायटॅनिक जहाज बुडाले. मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली सूचना. त्यात काकूंचं पूर्ण नाव, 'यांचे आज सकाळी निधन झाले.' आणि त्याच्याही खाली, 'गच्चीवरची टाकी धुणार असल्याने उद्या पाणी येणार नाही.'

आता माणसाला रडू यायला हवं. काकांना आधी राग आला. "ह्याला कुणी सांगितलं?" असं ते लिफ्टच्या दारालाच म्हणाले.

'ह्याला' म्हणजे तळमजल्यावरच्या सरांना. सर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून हा फळा चालवत होते. काकांचा धंदा फ्रिज दुरुस्तीचा. दोघांचं एकमेकांशी वैर नव्हतं, कारण वैर व्हायला आधी ओळख लागते.

सरांना सांगितलं होतं काकांच्या मुलीनं. तिनं दवाखान्यातून पहिला फोन त्यांनाच केला, कारण घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते.

"त्यांच्याकडे? आपली किल्ली?" काका म्हणाले.

"आईनंच ठेवली होती बाबा. ती रोज सकाळी दूध आणायला उतरली की फळा वाचायची ना, तेव्हा दहा मिनिटं बोलत उभी राहायची सरांशी."

"दहा मिनिटं? रोज? काय बोलायची?"

"मला काय माहीत? इतिहास बोलत असतील."

काकूंनी काकांशी जन्मात इतिहास काढला नव्हता. म्हणजे त्यांच्या मनात इतिहास होता, आणि तो खाली जाऊन दुसऱ्याच माणसाला मिळत होता. हे काकांना खटकलं ते खटकलंच. शिवाय ते नाव. काकांनी तिचं नाव स्वतःच्या हातानं कधी लिहिलंच नव्हतं. घरात लिहिण्याची कामं तिची. आणि ह्या माणसानं ते असं वळणदार लिहून ठेवलं होतं, की जणू रोजचा सराव होता.

दुसऱ्या दिवशी नाव पुसलं गेलं. रेघेच्या वर चार्ली चॅप्लिन जन्मले.

नंतर भेटायला येणाऱ्यांनी आणखी भर घातली. जो तो दारात चपला काढता काढता म्हणायचा, "तारीख मात्र लक्षात राहील हो काका. टायटॅनिकचाच दिवस!" काका मान डोलवायचे आणि आतून जळायचे. बाई गेली त्यांची, आणि लोकांच्या तोंडी जहाज. पुढे पुढे तर टायटॅनिकचं नाव ऐकलं तरी त्यांच्या कपाळावर आठी पडायला लागली. माणूस शेजाऱ्यावर जळतो, भावावर जळतो, फार तर साडूवर जळतो. शंभर वर्षांपूर्वी बुडालेल्या बोटीवर जळणारे काका एकटेच असावेत.

वर्ष होत आलं तसे ते सरांकडे गेले. बसा म्हणायच्या आधी बसले.

"ह्या पंधरा तारखेला फळ्यावर वरच्या भागात तिचं नाव हवं. रेघेच्या वर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "वरचा भाग इतिहासाचा आहे काका. रेघेखाली सूचनांत लिहितो की. ठळक लिहितो."

"टाकी धुण्याच्या शेजारी?"

"ह्या वर्षी टाकी नाहीये. ह्या वर्षी लिफ्टचं ग्रीसिंग आहे."

"सर, मी रेघेच्या वर म्हणतोय."

"नियम आहे. पन्नास वर्षं झाल्याशिवाय कुठलीही घटना वर जात नाही. त्याआधी त्या घटनेला बातमी म्हणतात."

"मग पन्नास वर्षं थांबू?"

"नियम तसाच आहे."

"तेव्हा तुम्ही असाल का?"

"मी नसेन," सर शांतपणे म्हणाले. "नियम असेल."

काका सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंकडे गेले. बाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "काका, तुम्हाला वर घेतलं की उद्या चौथ्या मजल्यावरचे त्यांच्या कुत्र्याचा वाढदिवस घेऊन येतील. आधीच विचारून गेलेत." मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, साधा फळा आहे हो तो." काकांना वाटलं, साधा असेल तर मग द्या ना मला एक दिवस.

शेवटी त्यांनी ठरवलं, की नियमाला पन्नास वर्षं लागतात तर लागू देत. खडूला काही लागत नाही.

पंधराला पहाटे ते खाली उतरले. बेत साधा होता. सर फिरायला बाहेर पडतात सहाच्या सुमारास, त्याआधी फळा लिहून मोकळं व्हायचं. पण खाली येऊन बघतात तर सरांनी आदल्या संध्याकाळीच फळा लिहून ठेवलेला. पंधरा एप्रिल हा सरांचा लाडका दिवस. एवढा भरलेला दिवस अख्ख्या महिन्यात नाही असं ते म्हणायचे. ह्या खेपेला तर त्यांनी चित्रही काढलं होतं. चार धुरांड्यांचं जहाज, पिवळ्या खडूनं एकेक खिडकी, आणि खालच्या कोपऱ्यात पांढराफेक बर्फाचा डोंगर.

काका बघत राहिले. जन्मभर ज्या बर्फाशी झटापट केली, तो आता इथेही आडवा आला होता.

उभ्यानं लिहायची सवय नव्हती आणि अक्षर आधीच दिव्य. तेव्हा फळा वर नेऊन टेबलावर नीट बसून लिहावं असं त्यांच्या डोक्यात आलं. दोन हुकांवरचा फळा उतरवला, तिरका करून लिफ्टमध्ये घातला आणि तिसऱ्या मजल्यावर नेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवा ठेवून ओल्या फडक्यानं पुसायला घेतला. विंची गेले, लिंकन गेले. मग काकांनी दात ओठ खाऊन टायटॅनिक दुसऱ्यांदा बुडवलं. बर्फ मात्र निघेना. सरांनी खडू चांगला घोटून लावला होता.

आता लिहायला बसले तर ओल्या फळ्यावर खडू उठेना. वाळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. काकांनी माळ्यावरून ब्लोअर काढला. दुकानात जुन्या डीप फ्रीझरचं बर्फ वितळवायला ते हाच वापरायचे. गरम हवेचा झोत असा, की बर्फ पाच मिनिटांत पाणी. इमारतीची वायरिंग जुनी आहे, तिसरा मजला आणि लिफ्ट एकाच फ्यूजवर आहेत, जास्त लोड टाकू नका, हे कमिटीच्या प्रत्येक बैठकीत ओरडून सांगणारे काकाच. पण माणूस दुसऱ्याला सांगतो ते स्वतःच्या घरी ऐकायला कोण असतं? होती तोवर ती ऐकायची.

फळा वाळला. काकांनी वर लिहिलं, 'आजच्या दिवशी'. त्याखाली तिचं नाव. अक्षरं डावीकडून उजवीकडे उतारावरून घसरल्यासारखी गेली, पण नाव झालं. मग त्यांनी खडू तसाच धरून ठेवला. आजच्या दिवशी हिनं काय केलं? वारली, एवढंच. ते लिहायला हात होईना. तेवढ्यात खालून सरांच्या दाराची कडी वाजली आणि काकांची पाचावर धारण बसली. फळा उचलला आणि लिफ्टकडे पळाले. ब्लोअर चालूच राहिला.

लिफ्ट दुसरा मजला सोडून खाली निघाली, आणि फ्यूज उडाला.

जाळीच्या दाराची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली. पुढे फळा, मागे काका, आणि मागे सरायला जागा नाही. खाली सरांचा आवाज घुमला.

"चोरी! अहो सेक्रेटरीबाई! पंधरा एप्रिल चोरीला गेला!"

दारं उघडली. पायऱ्यांवर माणसं जमली. पहिल्या मजल्यावरून वर बघितलं की काकांच्या चपला आणि बर्फाचा डोंगर दिसत होता.

"चोर सापडला!" सेक्रेटरीबाई ओरडल्या. "लिफ्टमध्ये अडकलाय! चपला बघा, काकांच्याच उचलल्यात मेल्यानं!"

"मीच आहे," आतून आवाज आला.

"काका? तुम्हाला पण कोंडलं का त्यानं?"

"बाई, मीच चोर आहे."

तोवर सर पहिल्या मजल्यावर आले होते. गुडघ्यांवर बसून जाळीतून वर बघत म्हणाले, "माझं जहाज कुठाय?"

"बुडालं."

"अहो, खिडक्या काढायला मला तीन तास लागले!"

"मग जहाजावर बसायचं होतं. माझ्या बायकोच्या दिवसावर का येऊन बसलात?"

सर ताडकन उठले आणि जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथून खाली वाकलं की फळ्याचा वरचा भाग दिसत होता. त्यांनी वाचलं. मग हलकेच विचारलं, "पुढे काय?"

"पुढे तुम्हीच सांगा," काका म्हणाले. वर्षभराचं साचलेलं बाहेर आलं. "रोज दहा मिनिटं तुमच्याशी बोलायची ना? माझ्याशी कधी बोलली नाही ते तुम्हाला काय सांगायची, ते सांगा सगळ्यांसमोर."

सेक्रेटरीबाई दोन पायऱ्या वर सरकल्या.

"बोलायच्या नाहीत," सर म्हणाले. "भांडायच्या."

"कशावरून?"

"तुमच्यावरून. रोज सकाळी एक तारीख घेऊन यायच्या. 'सर, आजच्या दिवशी ह्यांनी दुकान उघडलं, लिहा.' 'आजच्या दिवशी ह्यांनी रक्तपेढीचा फ्रिज जागरण करून चालू केला, लिहा.' 'आजच्या दिवशी ह्यांनी पहिल्यांदा माझ्यासाठी चहा केला, साखर विसरले, तरी लिहा.' मी रोज म्हणायचो, वहिनी, पन्नास वर्षं. त्या म्हणायच्या, तुमच्या त्या राजांनी कुणाला चहा दिलाय का?"

काकांच्या हातातला फळा जाळीला टेकला.

"किल्ली पण त्यासाठीच दिली होती," सर पुढे म्हणाले. "'हे ब्लोअर चालू ठेवून निघून जातात, कधी वास आला तर वर जा' म्हणून. मी चाळीस वर्षं शिकवलं. माझी एक तारीख कुणाच्या लक्षात नाही, माझ्या निवृत्तीची मलाच शोधावी लागते. आणि रोज सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊन तुमचा इतिहास ऐकायचा! जळायचो मी तुमच्यावर."

"तुम्ही? माझ्यावर?"

"मग काय टायटॅनिकवर जळू?"

ह्यावर बोलण्यासारखं काकांकडे होतं, पण ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

"तुमचं जळून झालं असेल तर," सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "जळल्याचा वास येतोय तो कशाचा?"

"ब्लोअर!" काका ओरडले. "सर, वर जा! तो बंद केल्याशिवाय फ्यूज घालू नका, परत उडेल!"

सर धापा टाकत वर गेले आणि किल्लीनं दार उघडून ब्लोअर काढून आले. खाली मीटरपाशी सेक्रेटरीबाईंनी फ्यूज बसवला. काका आतून ओरडून सांगत होते आणि बाई "मला येतं हो!" म्हणत नेमकं तेच करत होत्या. लिफ्ट हलली. पण तेवढ्यात वर कुणीतरी बटण दाबलं होतं, त्यामुळे काका फळ्यासकट आधी चौथ्या मजल्यावर जाऊन कुत्र्याला भेटले आणि मग खाली आले.

फळा दोघांनी मिळून हुकांवर चढवला. सरांनी खिशातून नवा खडू काढला आणि काकांपुढे धरला.

"नियम?" काकांनी विचारलं.

"आजच्यापुरता सुट्टीवर. लिहा. काय केलं त्यांनी?"

काकांनी खडू घेतला. मग म्हणाले, "तुम्हाला माहीत असेल ना. तिची एखादी तारीख."

"त्यांनी कधी सांगितली नाही. त्या तुमच्याच सांगायच्या."

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, मला त्यांनी सायकल शिकवली, पण कधी ते आठवत नाही. दुसऱ्या मजल्यावरची म्हणाली, माझ्या बाळंतपणात त्याच होत्या. तारीख? तारीख बाळाची आठवते, त्यांची कशी आठवणार? ज्याच्या त्याच्याकडे काकूंची एकेक गोष्ट निघाली आणि काकांना त्यातली एकही माहीत नव्हती. तारीख मात्र कुणाकडेच नव्हती. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तारखा आईला विचारायच्या ना."

संध्याकाळी सर डस्टर घेऊन आले आणि नाव न पुसता तसेच परत गेले. सोळा एप्रिल त्यांनी रेघेखाली, सूचनांच्या जागी लिहिला. सतराही तिथेच लिहिला. आता काका रोज सकाळी दूध आणायला उतरतात आणि दहा मिनिटं उभे राहतात. सर विचारतात, "सापडली एखादी?" काका मान हलवतात.

नावाखालची जागा अजून भरायची आहे.