गुरूवर लाइट चालू आहे

आमच्या दवनीवाड्यात लाइट गेली की सारं गाव वीजवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरतं. एकटे टेकचंदभाऊ खूश होतात. अंगणातल्या खाटेवर आडवे होऊन जाहीर करतात, "इथं गेली तं गेली. गुरूवर चालू आहे!"

गुरू म्हणजे आकाशातला ग्रह. त्याच्या दोन्ही ध्रुवांवर उजेडाचं कडं असतं आणि ते कधी विझत नाही. त्यातला बराचसा उजेड आपल्या डोळ्यांना दिसतही नाही. ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानावरची यंत्रं तो टिपतात आणि चित्रं सर्वांसाठी खुली ठेवली जातात. सर्वांसाठी म्हणजे खास आपल्यासाठी, असा अर्थ घेणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात हा एकच. धानाची रोपं लावायला आलेल्या रोवणीच्या बाया बांधीतल्या चिखलात खोळंबलेल्या, आणि मालक टेकचंदभाऊ शेताच्या धुऱ्यावर मोबाइल धरून उभे.

"काऊन जी, आज रोवणी करायची का नाही?" एखादी ओरडते.

"थांबा ना बाई, यान ध्रुवावरून जाऊन राहिलं!"

गावाला यातलं एवढंच कळलं, की टेकचंदभाऊ गुरू पाहतात. आणि आपल्याकडे गुरू पाहायचा तो लग्नासाठी. गुरूचं बळ असल्याशिवाय मुलीचं जुळत नाही म्हणतात. त्यामुळे उपवर मुलींचे बाप पत्रिका घेऊन यांच्या दारात. भाऊ पत्रिका बाजूला सारून त्यांना गुरूच्या एका चंद्रावरचे ज्वालामुखी सांगतात, त्यांचा धूर त्या उजेडाला कसा खाद्य पुरवतो ते सांगतात. बाप बिचारा मुकाट ऐकतो आणि शेवटी विचारतो, "मंग पोरीचं वैशाखात जमन का?"

त्यांची स्वतःची सुषमाही लग्नाची होती. तिच्यासाठी अर्जुनी मोरगावचं स्थळ मी आणलं. नोकरीवाला, निर्व्यसनी मुलगा. असं स्थळ काही झाडाला लागत नाही. मी बजावून ठेवलं होतं, "भाऊ, आज तो ग्रह काढायचा नाही." पोहे झाले, मुलगी पसंत पडली, आणि मुलाचा मामा घसा साफ करून म्हणाला, "पोरगी चांगली आहे जी. पण पत्रिकेत गुरुबळ नाही."

झालं! टेकचंदभाऊंनी लॅपटॉप आणून थेट मामाच्या मांडीवर ठेवला. "हा गुरू. हे कडं पहा, आपली पृथ्वी आख्खी मावून जाईन याच्यात. आन् याले बळ नाही म्हणता?" पुढे चुंबकीय क्षेत्र सुरू झालं तशी पाहुणे मंडळी चपला शोधू लागली.

पाहुणे जाताच मी भडकलो. "जमत आलेलं लग्न मोडलंत! पोरीचा तरी विचार करायचा होता."

ते लॅपटॉप मिटत हळूच म्हणाले, "याच्या आधीच्या पाव्हण्यायनंबी हेच सांगतलं. दरवेळी पोरगी आतून आयकून राहते. तिले वाटे, आपल्यातच काही खोट आहे. मंग म्या म्हणलं, पाहू तं खरं हा गुरू. एवढ्या मशिनी फिरून राहिल्या त्याच्या भवताली, सारं दिसते. आमच्या सुषमावर रुसलेला कोठीच दिसला नाही."

मला त्यांच्याकडे पाहवेना.

तेवढ्यात लाइट गेली आणि पंखा थांबला. आतून सुषमाचा आवाज आला, "बाबा, गुरूवर चालू आहे ना?"

एरवी या प्रश्नाला तासभर उत्तर देणारा माणूस.

"आहे, माय," एवढंच म्हणाले.