साडूच्या गाडीचं दुसरं इंजिन

माणसाची किंमत त्याच्या गाडीवरून करू नये, हे मी मलेशियात, ताइपिंगच्या कॉलेजात अर्थशास्त्राबरोबर वर्षानुवर्षं फुकट शिकवत आलो आहे. हे कळकळीनं सांगून झालं की मी बाहेर जातो, माझ्या गाडीच्या दाराला खांद्यानं ढुशी देतो आणि आत बसतो. विद्यार्थ्यांना मुद्दा लगेच पटतो.

अडचण फक्त ईदेला येते. ईदेला आम्ही दोघे जावई कुआला कांगसारजवळच्या सासुरवाडीला जातो. सासूबाईंचं घर खांबांवर उभं आहे आणि घराखालच्या सावलीत एकच गाडी मावते. ती कुणाची, हे सासूबाई ठरवतात. माझा साडू फाझली पडद्यांचं दुकान चालवतो. त्यानं एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेतली, लालभडक आणि दोनच दारांची. तेव्हापासून माझी गाडी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी लागते. मला त्याचं काही वाटत नाही. कोंबड्यांना वाटतं.

यंदा मात्र फाझलीला जुळं झालं. दोन बाळांच्या दोन खुर्च्या त्या गाडीत काही केल्या बसेनात, म्हणून ती विकायचं त्यानं ठरवलं. ही बातमी ऐकून मला जुळ्यांबद्दल प्रथमच माया वाटली. ती गाडी मला हवी होती. पण चालू भावात घ्यायची तर कॉलेज विकावं लागलं असतं, आणि ते माझं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूची होती. गेल्या वर्षी भर महामार्गावर त्या गाडीचं इंजिन बसलं. फाझलीनं दुसरं घातलं. जपानात जुन्या गाड्या मधोमध कापतात, त्यांचे पुढचे अर्धे भाग जहाजानं आमच्याकडे येतात, त्यातलंच एक. आता मूळ इंजिन गेलेली गाडी म्हणजे दुसऱ्याची कवळी लावून मांडवात उभा राहिलेला नवरा. भाव पडणारच. गिऱ्हाइकांच्या कानावर एवढं घातलं की ती पळतील, फाझली खचेल आणि मी नात्याखातर पुढे होईन. नात्यासाठी माणसानं इतपत झिजावं.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी इपोहचे दातांचे डॉक्टर याप आले. फाझलीच्या दाढा त्यांच्याकडे असतात. पायऱ्या चढण्याआधी ते गाडीभोवती सावकाश एक फेरी मारून आले. गिऱ्हाईक, मी ओळखलं.

आमच्याकडे कुणाचं वाईट तोंडावर बोलत नाहीत, त्यातून पाहुणा जेवत असताना तर नाहीच. वाईट बोलायचं तर कौतुक करावं लागतं. मी डॉक्टरांना कोंबडीचं रेंदांग वाढत फाझलीचं कौतुक आरंभलं. पोरगा जिद्दीचा. इंजिन गेलं तरी डगमगला नाही, सरळ दुसरं बसवलं.

डॉक्टरांचा घास हवेतच राहिला. "दुसरं म्हणजे कुठलं?"

"कापलेल्या गाडीचं," मी जड आवाजात म्हणालो. "मूळचं काहीच उरलं नाही हो. पण मी हे बोलायला नको होतं."

डॉक्टर ताट अर्धवट टाकून उठले आणि खाली गेले. मी त्यांच्या ताटात उरलेला तुकडासुद्धा समाधानानं खाल्ला.

खाली येऊन बघतो तर डॉक्टर कमरेपर्यंत गाडीच्या आत. वाकून ते इंजिनाकडे असं बघत होते, जणू कुणा राजाची अक्कलदाढ सापडली आहे. मग त्यांनी मित्रांना फोन केले. तासाभरात इपोहहून आणखी दोघं हजर. सरकारी तपासणी झाली का, नव्या इंजिनाचा नंबर गाडीच्या नावावर चढला का, असं त्यांनी फाझलीला विचारलं. तो गोंधळून हो म्हणाला. मग डॉक्टरांनी मलाच समजावलं. या गाडीचं मूळ इंजिन हा कारखान्याचा फसलेला प्रयोग होता. ते तेल पितं आणि कधी ना कधी हटकून बसतं. जाणकार लोक इंजिन बदललेलीच गाडी शोधत हिंडतात. त्यातून हे तर त्याच कारखान्याच्या वरच्या मॉडेलचं, म्हणजे तिच्या महागड्या बहिणीचं इंजिन.

महागडी बहीण. माझी बायको सल्मिया फाझलीच्या बायकोची थोरली बहीण, पण तिच्यामुळे माझा भाव कधी वधारल्याचं आठवत नाही.

एवढ्यात वरून सासूबाईंनी मला हाक मारली. 'कापलेली गाडी' एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं. गाडी उगाच कोण कापतं, आत माणूस अडकला असेल, असा त्यांचा तर्क होता. बुडत्याला काडी मिळाली.

"शक्य आहे, मा," मी म्हणालो. "जपानचं काही सांगता येत नाही."

माझा हिशेब असा की भुताची गाडी कोण घेईल? सासूबाईंचा हिशेब वेगळा निघाला. उद्याच इमामांना बोलवायचं, दुआ करायची, गाव जेवू घालायचं. आणि अशी कामं थोरल्या जावयाची असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी नारळ खवत होतो. इमामांनी गाडीवर हात ठेवून लांबलचक दुआ मागितली, बॉनेटवर पाणी शिंपडलं. सगळं गाव आमीन म्हणालं. मीही म्हणालो, खोबऱ्याच्या हातानं. डॉक्टर याप मुद्दाम पुन्हा आले होते. त्यांच्या आईला अशा गोष्टींची धास्ती असते, तिची समजूत घालायचं काम आयतंच झालं म्हणून ते भलतेच खूश होते. मित्रांची बोली मागे सारून त्यांनी जो आकडा सांगितला, तो फाझलीनं गाडी घेताना मोजला होता त्याहून मोठा होता.

गाडी फाटकाबाहेर गेली तसा फाझली 'अबांग, अबांग', म्हणजे 'दादा, दादा', करत माझ्या गळ्यात पडला. त्याचे डोळे भरून आले होते.

"अबांग, इंजिन बदललंय म्हणून मी कुणापुढे विषयच काढत नव्हतो. वाटलं, आता हिला कोण हात लावणार? तुम्हालाच देणार होतो, टायरांच्या भावात. ताईला सांगूनही ठेवलं होतं. बरं झालं तुम्ही बोललात."

मी सल्मियाकडे पाहिलं. ती जेवणावळीची ताटं गोळा करत होती.

"ईद आटोपली की सांगणार होते," ती म्हणाली. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही गावभर मिरवलं असतं."

मी म्हटलं, मग डॉक्टरांना गाडी बघायला बोलावलंच कशाला?

"गाडी बघायला?" फाझली म्हणाला. "ते तर नुसते जेवायला आले होते."