शपथेला न वळलेली मान

एका जंगलात, मुलांनो, कायदा नुकताच आला होता. तो कोणी आणला हे मला खात्रीने सांगता येणार नाही. काही म्हणतात सिंहमहाराजांनी आणला. काही म्हणतात तो आपला आपणच उगवला, गाजरगवतासारखा.

कायदा एवढाच होता : भांडणात दात वापरायचे नाहीत, तोंड वापरायचं.

त्या जंगलात भागाबाई मुंगूस राहत होती. तिने स्वतःच्या नखांनी एक बीळ खणलं होतं. एक दिवस ती लेकीला, रंगूला, घेऊन बाहेर गेली. परत येऊन बघते तर आत नागोजीराव नाग वेटोळं घालून बसलेले. पूर्वीचे दिवस असते तर तिने त्यांना मानेला धरलं असतं. पण आता कायदा होता. तिने दावा लावला, आणि मायलेकी दगडांच्या सांदीत राहायला गेल्या.

जंगलात वकील पुष्कळ होते. पण सगळेच नागोजीरावांच्या जाण्यायेण्यातले. तेव्हा भागाबाईने ठरवलं की आपली रंगूच वकील होईल आणि आपलं बीळ सोडवेल. तोवर ती दर वेळी कोर्टात जाऊन पुढची तारीख मागून घ्यायची. न्यायाधीश अस्वल होते. त्यांनाही तारीख द्यायला आवडायचं.

वकिलीच्या मोठ्या विद्यालयात शिरायचं तर आधी एखाद्या लहान कॉलेजात तयारी करावी लागे. पोपटांच्या कॉलेजात सगळं तोंडपाठ करून घेत. निकाल उत्तम लागे. आपण काय म्हटलं हे मात्र कोणाला सांगता येत नसे. बगळ्यांच्या कॉलेजात डोळे मिटून एका पायावर उभं राहायला शिकवत. ते दिसायला भारदस्त होतं. ओढ्याकाठी कासवांचं एक कॉलेज होतं. तिथे पहिलं वर्षभर फक्त समोरच्याचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला शिकवत. तिथे कोणी जात नसे.

भागाबाईला कासवांचं पसंत होतं. सांदीपासून जवळही होतं. पण शेजारची घोरपड मावशी म्हणाली, “तिथे शिकून कोण मोठं झालंय? कोल्हेसरांच्या कॉलेजात घाल. तिथे स्पर्धा असते म्हणे.” घोरपडीने एकदा धरलं की सोडत नाही. रंगू कोल्हेसरांकडे गेली. कोल्हेसर वर मोठ्या विद्यालयातही शिकवत, त्यामुळे पुढचा प्रवेश आपोआप झाला.

आता मुंगसांची एक रीत तुम्हाला ठाऊक असेल. पळत्या मुंगसाला कोणी म्हटलं, ‘तोंड दाखव, तुला शपथ आहे,’ की ते थांबतं, मान वळवतं आणि तोंड दाखवतं. का, ते मला कळलेलं नाही. मुंगसांनाही कळलेलं नसावं. पण ती थांबतात.

हे विद्यालयातल्या पोरांनी लगेच हेरलं. तिथे पुस्तकं थोडी आणि विद्यार्थी फार. सकाळी ग्रंथालय उघडलं की सगळे धावत. रंगू सगळ्यांत चपळ. ती दाराशी पोचली की मागून ससाणा ओरडायचा, “रंगूताई, तोंड दाखव, शपथ आहे तुला.” रंगू वळायची. वळून परत बघेपर्यंत पुस्तक ससाण्याच्या पंजात. त्या वर्षी ती शेवटून पहिली आली.

सुट्टीत ती सांदीत येऊन रडली. भागाबाईने तिची पाठ चाटली आणि म्हणाली, “वळायचं बाई. आपल्या नावाने कोणी शपथ घातली, तर निदान बघावं तरी कोण आहे ते.”

कोल्हेसरांचं मत वेगळं पडलं. त्यांनी रंगूला वर्गानंतर थांबवून घेतलं. मान ही वकिलाची सगळ्यात दुबळी जागा आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग दोन झाडांच्या मधून रोज तिला पळवायचं आणि मागून शपथा घालायच्या, असा सराव त्यांनी सुरू केला. आधी मान वळायची. मग नुसती थरथरायची. मग तीही थांबली.

रंगू पहिली आली. ससाणा दुसरा.

विद्यालयाचा नियम असा की पहिल्या येणाऱ्याला जंगलातलं सगळ्यात मोठं अशील मिळे. सगळ्यात मोठं अशील नागोजीराव. रंगूने नाही म्हटलं असतं तर ते ससाण्याला मिळालं असतं, आणि एवढं सोसण्याचं शिक्षण तिला मिळालेलं नव्हतं. तिने हो म्हटलं. मग कागद उघडून बघितले. बीळ ओळखीचं निघालं. पण मागे वळायची सवय तर मोडलेलीच होती.

तारखेच्या दिवशी भागाबाई अंग चाटूनपुसून कोर्टात आली. पुढे काळा कोट घालून पाठमोरी रंगू उभी होती. आईला तेवढ्यानेही बरं वाटलं.

“बाई, तुमचा वकील कोण?” अस्वलांनी विचारलं.

“ही काय, ही उभी आहे.”

“ही त्यांची आहे,” अस्वल म्हणाले.

रंगूने बोलायला सुरुवात केली. आवाज स्वच्छ होता. ती म्हणाली, “महाराज, ‘आयत्या बिळावर नागोबा’ असं सगळं जंगल पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलं आहे. म्हणजे बीळ आयतं असेल तर त्यावर नागोबा असणं हीच इथली वहिवाट आहे. आयत्या बिळावर मुंगूस, असं आजवर कोणी म्हटल्याचं माझ्या अशिलाच्या ऐकिवात नाही.”

अस्वलांनी मान डोलावली. मुद्दा नवा होता.

भागाबाईला वहिवाट कळली नाही. ती दोन पावलं पुढे आली आणि हळूच म्हणाली, “रंगू, तोंड दाखव. तुला शपथ आहे माझी.”

नागोजीरावांनी जीभ आत घेतली.

रंगू समोर बघत राहिली.

“हरकत आहे, महाराज,” ती म्हणाली.

“मान्य,” अस्वल म्हणाले.

बीळ नागोजीरावांचं झालं.

कोल्हेसरांच्या कॉलेजाबाहेर आता रंगूचं मोठं चित्र लावलेलं आहे. ते पाठमोरं आहे. चित्रकाराने तिला वळायला पुष्कळ सांगून पाहिलं, म्हणतात. त्या चित्राखाली थोडी सावली पडते. भागाबाई सध्या तिथे राहते. तिथे प्रवेशासाठी आलेले आईबाप तिला वाट विचारतात, आणि ती त्यांना ओढ्याकडे बोट दाखवते. ते हसून आत जातात.

तात्पर्य : मुलीला कोणत्या कॉलेजात घालावं याचा घोर आईबापांनी लावून घेऊ नये. ते नागोबाला ठरवू द्यावं. शिकून ती त्याच्याच उपयोगी पडणार असते.