सोनाक्कांचं उपोषण

सांगलीत आंदोलन कुणाचंही असो, पहिल्या रांगेत स्वतःची सतरंजी अंथरून सोनाक्का बसलेल्या असतात. मागणी काय आहे हे त्या बसल्यावर विचारतात. एकदा रस्ता रुंद करा म्हणून काही लोक बसले होते आणि त्याच चौकात पलीकडच्या कोपऱ्यावर रस्ता रुंद करू नका म्हणून दुसरे. सोनाक्का सकाळी इकडे बसल्या, दुपारी सतरंजी उचलून तिकडे गेल्या. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी जाब विचारला, तेव्हा म्हणाल्या, "दोघांचं ऐकून घेणारं कुणीतरी नको व्हय?"

आक्का माझ्या शेजारच्या. वय सत्तरीच्या आसपास, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी आणि आवाज मात्र थेट नदीच्या पल्याड जाणारा. त्यांचे मालक पलटणीत हवालदार होते. ते गेले, मुलगा बेंगळुरूला स्थिरावला आणि आक्कांनी स्वतःला देशाच्या कामाला लावून घेतलं. मालकांनी सीमा सांभाळली, आता आतलं मी बघते, असं त्या सांगतात.

त्यांचा एक ठरलेला शब्द आहे: "लेखी द्या." साहेबलोकांच्या तोंडी आश्वासनांना फसून फसून त्यांनी तो उचलला आणि मग तो सगळीकडेच चालवला. डॉक्टर म्हणाले, आक्का, चार दिवसांत खोकला जाईल. आक्का म्हणाल्या, लेखी द्या. मी म्हटलं, उद्या विरजण आणून देते; लगेच, "लेखी दे." माझ्या पुतणीच्या लग्नात पहिली पंगत बसायला उशीर झाला, तेव्हा मांडवातून खणखणीत घोषणा आली, "जेवण आमच्या हक्काचं." पाहुण्यांनीही साथ दिली. नवरदेवसुद्धा हळूच म्हणाला, असं माझे दीर सांगतात.

संध्याकाळी कट्ट्यावर त्या मोठ्याने पेपर वाचतात आणि मधेमधे देशाची झडती घेतात. "दिल्लीत अन्याय झाला की आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. दारात झाला की दार लावून घेतो," असं काहीतरी त्या सहज बोलून जातात. कुठल्यातरी लांबच्या राज्यात खाणीसाठी लोकांना जमिनीवरून उठवल्याचं एकदा त्यांनी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी एकट्याच चौकात उपाशी बसल्या. मी म्हटलं, "आक्का, त्या लोकांना कळणार तरी आहे का तुम्ही इथं बसलाय ते?"

"त्यांस्नी न्हाई कळलं तर न्हाई," आक्का म्हणाल्या. "मला कळलंय न्हवं, त्यांच्यावर काय आलंय ते? मग जेवण कसं जाईल?"

आता सांगायची ती गोष्ट आमच्या पेठेची. आमच्या गल्लीच्या मागेच हळदीची पेठ आहे. मी तिथे एका अडत्याच्या दुकानात बिलं लिहिते. हळद निवडायला खेड्यांतून बायका येतात, दिवसभर पोत्यांमध्ये बसतात, आणि त्या सगळ्या पेठेत बायकांसाठी एकही स्वच्छतागृह नव्हतं. माझं घर जवळ, मी पळत जाऊन यायची. बाकीच्या बायकांनी घरून निघताना पाणी पिणंच सोडलं होतं. आक्का त्यांना म्हणायच्या, माझ्याकडं या, पण हळदीने माखलेल्या पायांनी दुसऱ्याच्या घरात शिरायला त्या लाजायच्या.

आक्कांना हे कळल्यावर अर्ज झाले, हेलपाटे झाले. पेठेच्या कचेरीतले साहेब प्रत्येक वेळी "बघू" म्हणायचे आणि आक्का "लेखी द्या" म्हणायच्या. शेवटी ऐन उन्हाळ्यात त्या कचेरीसमोर उपोषणाला बसल्या. लेखी मिळाल्याशिवाय उठणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. निवडणाऱ्या बायका कामावरून मान वर करून बघायच्या आणि परत खाली घालायच्या. रोज बुडाला तर कोण देणार, म्हणून त्यांच्यातली एकही येऊन बसली नाही. आक्कांचा त्यांच्यावर राग नव्हता. त्या बसल्या बसल्या एकट्याच घोषणा द्यायच्या आणि समोरून कुणी साथ देत नाही म्हणून उत्तरही स्वतःच द्यायच्या.

बंदोबस्ताला एक पोलीस पाठवली होती, वैशाली नावाची. मेढ्याकडच्या डोंगरातली पोरगी, नवीनच भरती झालेली, सांगलीत खोली घेऊन एकटी राहणारी. एका म्हातारीपासून पेठेचं रक्षण करायचं म्हणून ती बिचारी उन्हात उभी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आक्कांची चौकशी करायला गेले, तेव्हा आक्का तिच्यासमोर आपली पाण्याची बाटली धरून बसल्या होत्या.

"नको आक्का," वैशाली म्हणत होती.

"अगं, उपोषण माझं हाय, तुझं न्हवं. पी की."

वैशालीने आजूबाजूला पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "प्यायलं तर जायचं कुठं? सकाळपास्नं उभी हाय. जागा सोडता येत न्हाई."

आक्कांनी बाटली खाली ठेवली. वैशालीचा चेहरा उतरला होता, ओठ पांढरे पडले होते. आक्कांनी तिच्याकडे पाहिलं, मग कचेरीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि शांतपणे सतरंजीची घडी घालायला लागल्या.

"आक्का, लेखी मिळालं?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"चक्कर येतीया," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. चक्कर आलेल्या माणसाचा आवाज असा नसतो. मग वैशालीला म्हणाल्या, "बाई, आंदोलक माघारी निघालाय. वाटेत काय गडबड केली तर? घरापतोर बंदोबस्त दे."

वैशालीने वायरलेसवर कळवलं आणि आम्ही तिघी निघालो. वाटेत आक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "मी बसलेय तवर तिला हलता येणार न्हाई. मग मीच हलले."

घरी गेल्या गेल्या आक्कांनी तिला मोरीच्या शेजारचं दार दाखवलं. बाहेर आल्यावर ती तांब्याभर पाणी उभ्यानेच प्यायली, भिंतीला टेकून जरा बसली आणि बसल्या बसल्या झोपली. आक्कांनी तिची टोपी काढून कोनाड्यात ठेवली आणि पेपराने वारा घालत बसल्या. मी काही बोलायला गेले तर ओठांवर बोट ठेवलं. बऱ्याच वेळाने हलकेच म्हणाल्या, "घरात कुणी झोपलेलं असलं म्हंजे घर कसं भरल्यावानी वाटतं."

दुसऱ्या दिवशी पेपरात एका कोपऱ्यात आलं, उन्हाच्या त्रासामुळे उपोषण मागे. कचेरीतला कारकून येता-जाता आक्कांना विचारायचा, "काय आक्का, दोन दिसांत दमला?" मला राहवेना. मी म्हटलं, "खरं काय झालं ते सांगा की. खुद्द पोलिसाची ही दशा, यापेक्षा मोठा मुद्दा कुठला?"

"ती पोरगी हाय, मुद्दा न्हवं," आक्का म्हणाल्या. "तिची नोकरी हाय, तिची लाज हाय. मला हसत्यात तर हसू देत."

पण आक्कांना चक्कर आली ही बातमी निवडणाऱ्या बायकांनी मात्र मनाला लावून घेतली. आपल्यासाठी म्हातारी उन्हात बसली आणि आपण बघत राहिलो, हे त्यांना लागलं. पुढच्या आठवड्यात आक्का सतरंजी घेऊन पुन्हा आल्या, तर कचेरीसमोर आधीच बायका बसलेल्या. त्यांच्यातली थोरली म्हणाली, "आक्का, तुमी सावलीत बसा. आता आमी बसतो." त्या दिवशी पेठेत एक पोतं सुटलं नाही. व्यापारी हैराण होऊन स्वतःच साहेबांकडे धावले. संध्याकाळच्या आत लेखी मिळालं, आणि दिवाळीच्या सुमाराला खरोखरच स्वच्छतागृह उभं राहिलं.

साहेबांनी उद्घाटनाला दारावर फीत बांधली. आक्का म्हणाल्या, "ही आधी सोडा. पाव्हणे येईस्तोवर बायकांनी काय करायचं?" आणि फीत हातानेच ओढून काढली.

मधल्या महिन्यांत वैशालीची ड्युटी पेठेच्या आसपास लागली की ती दुपारी आक्कांकडे यायची. पाणी प्यायची, पाठ टेकायची, आक्का तिला देश कसा चालायला हवा ते सांगायच्या. स्वच्छतागृह झालं आणि तिचं येणं थांबलं. आता कारणच उरलं नव्हतं. आक्का रोज सकाळी तिथे जाऊन नळ उघडून बघायच्या, कडीकोयंडा तपासायच्या, आणि परत जाताना माझ्या दुकानाशी थांबून सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "आज पेठेत पोलीस दिसला न्हाई का गं?"

एका दुपारी मी जेवायला घरी आले होते आणि आक्कांना कालवण द्यायला गेले. तेवढ्यात दारात वैशाली उभी राहिली. पट्टा सैल करत म्हणाली, "आक्का, येऊ का आत? तिथं नळाला पाणी न्हाई."

मी तासाभरापूर्वीच त्या नळाखाली हात धुतले होते. चांगली धार होती. आणि सकाळी तो नळ उघडून बघितल्याचं आक्कांनी स्वतःच मला सांगितलं होतं.

"असं व्हय?" आक्का म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "त्या पेठेचं काय खरं न्हाई, पोरी. तू आपली इकडंच येत जा."